शेवाळाची साक्ष

तपकिरी धूळ बोटानं पुसली की जाते,
नव्या टाकीचं बाळसं ते, त्याला भ्यायचं नाही.
काचेवरचे हिरवे ठिपके ब्लेडशिवाय निघत नाहीत.
आणि सायीसारखी सोलून येते,
ओल्या तळघराचा वास मारते, ती निळसर चिकट चादर,
ती खरं तर शेवाळ नव्हेच,
पण गिऱ्हाइकाला एवढं कोण सांगत बसणार.

तार्तू शहरात अठरा टाक्या सांभाळते मी.
दोन बँका, एक वृद्धाश्रम,
माशांशी फक्त जर्मनमध्ये बोलणारे एक गृहस्थ,
आणि दर गुरुवारी
डॉक्टर ओयाकिवींचा दातांचा दवाखाना.

तिथं नोव्हेंबरपासून काळी दाढी वाढत होती.
अनुबियासच्या पानापानाला कडेनं,
लाकडाला, फिल्टरच्या तोंडाला,
आखूड, दाट, प्रवाहात डुलणारी.
चिमूटभर वाटीत घेऊन स्पिरिट ओतलं,
सकाळी तांबडी.
म्हणजे तीच. नावानं काळी, जातीनं लाल.

निम्मं पाणी बदललं. पंधरा कोळंब्या सोडल्या.
सिरिंजनं पेरॉक्साइड, थेंब थेंब, पानावर.
दाढी गुलाबी झाली, पांढरी झाली, गळली.
पुढच्या गुरुवारी पुन्हा खुंट.
वर हिरव्या धाग्यांचा नवा गुंता,
तो टूथब्रशला गुंडाळून काढला
(ब्रश तिथं फुकट मिळतात).

शेवाळ खोटं बोलत नाही.
ते म्हणत होतं: उजेड, फार उजेड.
टायमर म्हणत होता: सात तास.
कुठंतरी पाणी मुरत होतं.

मग मी झाडांवरून नजर काढली.
लाकडी कडेवर कपाची गोल खूण, चहाची.
भिंतीलगतची खुर्ची हातभर पुढं.
झाकणावर, जिथं कुणी कधी पुसत नाही,
तिथं धूळ नाही.
आणि टायमरचं बटण ‘सतत’वर.

रात्री साडेनऊला गेले. बाहेर उणे सतरा.
काळोख्या इमारतीत एकच खिडकी हिरवी.
आत राइसा वासिल्येव्ना, सफाईवाली,
बादली बाजूला, पाय नुसत्या मोज्यांत,
मला पाहून दचकून उठली.
“मासे नाही बघत,” मोडक्या एस्टोनियनमध्ये म्हणाली,
“ते झोपतात. मी गवत बघते.
नार्वात, आमच्या नदीच्या तळाशी,
असंच वाकलेलं असायचं. पुलावरून दिसे.”
मग म्हणाली, “दिवा बंद करायला विसरते कधी कधी.”
मग,
“रोज विसरते.”

फॉस्फेट, कार्बन, प्रकाशाचे तास,
सगळं सांगायला आले होते मी.
सांगितलं एवढंच: तीन दिवस झाकायला लागेल.
दोघींनी मिळून काळं ब्लँकेट पांघरलं,
कोपऱ्यांना चिकटपट्टी.
“श्वास?” तिनं विचारलं.
पंप चालू आहे, म्हटलं.

सोमवारी पांघरूण काढलं,
धागे विरघळल्यासारखे, दाढी निस्तेज.
कडेवर चहाची नवी खूण.
झाकलेल्या टाकीसमोरही ती बसली होती.

डॉक्टर म्हणाले, दुपारी टाकी अंधारात?
रुग्ण काय बघणार?
छत, मी म्हटलं. तोंड उघडल्यावर तेच बघतात.
आता सकाळी तीन तास,
रात्री आठ ते बारा चार.
सात म्हणजे सात.
शेवाळाला फसवता येत नाही,
उजेड मात्र वाटून घेता येतो.

मार्चमध्ये अनुबियासला पान आलं,
गुंडाळलेलं, कडा स्वच्छ.
जुनी चार कापून टाकली, ती सुधारणारी नव्हती.
मागची काच मी खरवडत नाही,
तिथलं हिरवं गोगलगायींचं.
आणि ती खुर्ची हलवू नका, असं बजावून ठेवलंय.
कारण विचारलं कुणी
तर शेवाळाचं नाव पुढं करते.